वीज जाते तेव्हा : घरगुती मत्स्यपेटी आणि तिचे रक्षण

सन २०१२ च्या जुलै महिन्याची ३० तारीख होती. रात्री २ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास उत्तर भारताचे विद्युत्जाल कोसळले. बीना व ग्वाल्हेर यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर अवाजवी भार आला, ती आपोआप बंद पडली, आणि तिचा भार ज्या वाहिन्यांवर पडला त्याही एकीमागून एक बंद पडत गेल्या. दिल्लीसह उत्तरेतील राज्ये अंधारात बुडाली. ते जाल संपूर्णपणे पूर्ववत् होण्यास त्या दिवशीची दुपार उलटली. दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, दुपारी एकच्या सुमारास हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन जाले एकदम बंद पडली. ज्या प्रदेशात साठ कोटींहून अधिक लोक राहतात तो प्रदेश काही तास विजेवाचून राहिला. दिल्लीची मेट्रो जागच्या जागी थांबली, पूर्वेकडील कोळशाच्या खाणींत कामगार अडकून पडले. या सर्वांची नोंद वृत्तपत्रांनी घेतली आणि चौकशी समितीनेही घेतली. परंतु त्या दोन दिवसांत दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम येथील घरांतून काचेच्या पेट्यांमध्ये जे मासे पाणी असूनही गुदमरले, त्यांची मोजदाद ठेवणारे खाते कोठेच नसते.

पाण्यात राहणारा प्राणी गुदमरतो कसा, आणि त्याचा विजेशी संबंध काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. मासे विजेवाचून कोट्यवधी वर्षे जगत आले आहेत. नदीला पंप नसतो आणि तलावाला तापक नसतो. मग घरातली ही हातभर लांबीची पेटीच अशी परावलंबी का? या पुस्तिकेत प्रथम या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, कारण ते नीट समजले म्हणजे वीज गेल्यावर काय करावे हे निम्मे आपोआप सुचते.

पाण्यातील प्राणवायू

आपल्या भोवतालच्या हवेत एक पंचमांशाहून किंचित अधिक प्राणवायू असतो. उन्हाळ्यातील एक लिटर हवा घेतली तर तीत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू भरेल. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात, ते पाणी हवेशी पूर्ण मिळते झालेले असले तरी, जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळलेला सापडतो. म्हणजे आपल्याला एका श्वासात जे लाभते त्यासाठी माशाला पस्तीस पट पाणी कल्ल्यांतून फिरवावे लागते. त्यातही पाणी तापले की त्याची धारणशक्ती कमी होते. शून्य अंश सेल्सिअसला एका लिटरात १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना ९.१, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना ६.९ मिलिग्रॅम एवढाच मावतो. दुर्दैवाची गोष्ट अशी, की मासा हा शीत रक्ताचा प्राणी असल्यामुळे पाणी तापले म्हणजे त्याच्या शरीरातील व्यापारही जलद होतात. स्थूलमानाने दहा अंश तापमान वाढले की त्याची प्राणवायूची गरज दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, दोन्ही एकाच वेळी.

आता एका पेटीचा जमाखर्च मांडून पाहू. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असून तीत सुमारे ५० लिटर पाणी आहे, आणि त्यात प्रत्येकी २० ग्रॅम वजनाचे दहा गोल्डफिश आहेत असे समजा. ३० अंश तापमानाला या पाण्यात सगळा मिळून ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असेल. दोनशे ग्रॅम मासे या तापमानात ताशी ५० मिलिग्रॅम वापरतात असे हिशेबापुरते धरू. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बहुतेक मासे कासावीस होतात, म्हणून १५० मिलिग्रॅम शिल्लक राहतील तेथे आपला हिशेब थांबवू. वापरता येण्याजोगे उरले २२५ मिलिग्रॅम, आणि ते साडेचार तासांत संपतील. हेच पाणी २० अंशांवर असते तर आरंभीची शिल्लक ४५५ असती, खर्च ताशी २५ असता, आणि बारा तास निभावले असते. पेटी एकच, मासे तेच. दिल्लीच्या नोव्हेंबर महिन्यात जी रात्र सहज पार पडते ती जूनमध्ये मध्यरात्रीच्या पुढे जात नाही.

हा हिशेब जाणूनबुजून सोपा केला आहे. पृष्ठभागातून थोडा प्राणवायू येतच राहतो, त्यामुळे मुदत काहीशी वाढते. उलट तळाशी साचलेला गाळ, न खाल्लेले अन्न आणि त्यावर वाढणारे जंतू हेही प्राणवायू खातात, त्यामुळे ती घटते. पेटीत हिरव्या वनस्पती असल्या तर दिवसा त्या प्राणवायू देतात, परंतु अंधार पडताच त्याही श्वसनासाठी प्राणवायू घेऊ लागतात. ३० जुलैची वीज रात्री अडीच वाजता गेली, म्हणजे माशांच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळी.

हवेचे बुडबुडे नेमके काय करतात

येथे एक समजूत दुरुस्त करणे अवश्य आहे. पंपाने सोडलेले बुडबुडे पाण्यात विरघळतात आणि त्यांमुळे मासे जगतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते काही अंशीच खरे आहे. बुडबुडा तळापासून पृष्ठभागापर्यंत पोचण्यास एकदोन सेकंदच लागतात, आणि तेवढ्या अवधीत त्यातील थोडाच प्राणवायू पाण्यात उतरतो. बुडबुड्यांचे खरे काम पाणी ढवळण्याचे आहे. ते वर जाताना तळाचे पाणी आपल्याबरोबर ओढून नेतात, पृष्ठभाग खळबळतो, आणि प्राणवायूने गरीब झालेले पाणी हवेच्या संपर्कात येऊन पुन्हा संपन्न होते.

अगदी निश्चल पाण्यात प्राणवायू स्वतःहून किती मंद गतीने पसरतो हे पाहिले तर ढवळण्याचे महत्त्व पटेल. केवळ विसरणाने एक सेंटिमीटर खोल जाण्यास त्याला पाचसहा तास लागतात. तीस सेंटिमीटर जाण्यास त्याच्या तीस पट नव्हे, तर तीसचा वर्ग म्हणजे नऊशे पट काळ लागतो, आणि तो जवळजवळ सात महिने भरतो! प्रत्यक्षात पाणी इतके निश्चल कधीच नसते, माशांच्या हालचालीने व उष्णतेच्या फरकाने ते थोडेफार हलतेच. तथापि वीज गेल्यावर काही वेळाने मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात त्याचे कारण हेच होय. पृष्ठभागाचा अगदी पातळ थर तेवढा प्राणवायूने भरलेला असतो, आणि मासे तोच पिऊ पाहतात. हे दृश्य मुलांना गमतीचे वाटते, पण ती धोक्याची सूचना आहे.

सर्व मासे एकाच वेळी संकटात येतात असेही नाही. गुरामी आणि फायटर या जातींच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस घड्या पडलेला एक श्वसनावयव असतो, आणि त्याच्या साह्याने ते सरळ हवेतून श्वास घेतात. आपल्याकडची मरळ आणि मागूर हेही मासे हवेत श्वास घेऊ शकतात, म्हणूनच ते बाजारात ओल्या टोपलीतही जिवंत दिसतात. गोल्डफिश, एंजल, मॉली यांना ही सोय नाही. मोठा मासा लहानाच्या आधी गुदमरतो, असेही पुष्कळदा आढळते.

विजेपूर्वीची पेटी

विजेवर न चालणारी मत्स्यपेटी हे स्वप्न नाही, तो इतिहास आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५५ लिटरांच्या, पात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि काही गोगलगाई ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देत, मासे तो घेत, आणि सडू लागलेली पाने गोगलगाई खाऊन टाकीत. पाणी न बदलता हा संसार चालला आणि १८५० मध्ये त्याने त्याचा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे ठेवला. तीन वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले.

या प्रयोगातील दोन हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंचावन्न लिटर पाण्यात दोन मासे! आज तेवढ्याच पेटीत दहापंधरा मासे सोडलेले दिसतात, आणि ते जगतात याचे श्रेय कोनाड्यात घूं घूं करणाऱ्या पंपाला आहे. आपण वीज वापरून पेटीची धारणशक्ती उसनी वाढवतो. वीज गेली की ते उसने परत मागितले जाते. ज्यांच्या भागात वीज वारंवार जाते त्यांनी पंपाच्या चौकशीपूर्वी माशांची संख्या मोजावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ते दुकानदाराला आवडणार नाही. उथळ व रुंद पेटी उंच व अरुंद पेटीपेक्षा चांगली, हेही त्याच कारणाने खरे आहे, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग तिच्यात अधिक असतो.

विजेवर काय चालवावे आणि काय चालवू नये

या विषयावरील बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. त्यांत वीज गेली असता पहिली चिंता तापकाची केलेली असते, आणि ते मजकूर मराठीत आणताना अनुवादकाला थबकावे लागते. दिल्लीत जानेवारीची रात्र तीनचार अंशांपर्यंत उतरते हे खरे, पण येथील माशांचे अधिक मोठे शत्रू मे, जून व जुलै हे महिने आहेत. त्याच महिन्यांत वातानुकूलन यंत्रांमुळे विजेची मागणी शिगेला पोचते. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॅटपर्यंत चढली होती. असा भार असला म्हणजे विद्युत्जाल शाबूत असूनही गल्लीतला रोहित्र किंवा तारेचा एखादा जोड तापून निकामी होतो. शिवाय मे महिन्यातली आँधी आली की झाडाची एक फांदीही पुरते. २०१२ सारखा प्रसंग विरळा असतो. माशांचा जीव बहुधा या गल्लीतल्या बिघाडांतच जातो.

आता पेटीतील उपकरणे किती वीज खातात ते पाहू. लहान हवापंप ३ ते ५ वॅट घेतो. पाणी फिरवणारी गाळणी ५ ते २० वॅट घेते. दिव्याला १० ते २० वॅट लागतात, आणि तो वीज नसताना लावण्याचे काहीच कारण नाही. तापक मात्र ५० पासून २०० वॅटपर्यंत घेतो.

दिल्लीच्या परिसरात पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ ला १५० ने गुणले असता १,८०० वॅट-तास येतात. परंतु बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये, आणि एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ही वजावट केल्यावर साधारण १,१५० वॅट-तास हाती उरतात असे धरू. ७५ वॅटचे दोन पंखे व १० वॅटचे चार दिवे मिळून १९० वॅट होतात, ते सहा तास चालतील. त्यात माशांचा ४ वॅटचा हवापंप जोडला तर हा काळ किती कमी होईल? फक्त सातआठ मिनिटांनी. १० वॅटची गाळणीही जोडली तर एकूण पंचवीस मिनिटांनी. परंतु १०० वॅटचा तापक चालू ठेवला तर सहा तासांचे चारच उरतील. पंपाची घरातील कोणाला अडचण होण्याचे कारण नाही, तापकाची मात्र सर्वांनाच होईल.

असे असूनही वीज गेल्यावर बहुतेक घरांत पंखे फिरत राहतात आणि मासे मरतात. कारण साधे आहे. इन्व्हर्टरची तार सामान्यतः पंखे व दिवे यांच्याच बटणांपर्यंत नेलेली असते, आणि पेटी ज्या खाचेत जोडलेली असते ती खाच त्या मंडलात नसते. जाणत्या वीजतंत्र्याकडून एवढी एक खाच इन्व्हर्टरच्या मंडलात घेतली तर निम्मा प्रश्न सुटतो. एक खबरदारी येथे सांगितली पाहिजे. स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत तरंगाऐवजी चौकोनी तरंगाचा प्रवाह देतात. त्यावर पंपाची लहान चलित्रे गुणगुणतात आणि अधिक तापतात. काही तासांपुरते चालेल, पण पंप हाताला चटका देण्याइतका तापत असेल तर ज्या यंत्रातून शुद्ध ज्या-तरंग मिळतो तेच घ्यावे.

मोठ्या निवासी वसाहतींत डिझेलची जनित्रे असतात. हिवाळ्यात दिल्लीची हवा ज्या थराला जाते तो पाहता त्यांवर निर्बंध येणे अपरिहार्यच होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात त्यांच्या वापरावर कडक अटी घालण्यात आल्या आहेत. तेव्हा वसाहतीचे जनित्र चालू होईलच, या भरवशावर पेटी ठेवू नये. घरात किंवा बाल्कनीत पेट्रोलचे लहान जनित्र चालवणे तर माणसांच्याच जिवावर बेतते, कारण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू असतो. जनित्रावर संपूर्ण भिस्त ठेवल्याने काय होते याचे मोठे उदाहरण २००५ साली न्यू ऑर्लिअन्स येथे घडले. कॅटरिना वादळात तेथील विख्यात मत्स्यालयाची इमारत टिकली, पण जनित्र बंद पडले आणि बहुतेक सर्व मासे मेले.

लहान संचायक

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही त्यांनी निराश होऊ नये. किंबहुना ४ वॅटच्या पंपासाठी मोठा इन्व्हर्टर चालवणे हा अपव्ययच आहे, कारण इन्व्हर्टर स्वतःला चालू ठेवण्यासाठीच त्याहून अधिक वीज खातो. त्यापेक्षा बॅटरीच्या एकदिश प्रवाहावर थेट चालणारा पंप घ्यावा.

शिसे-आम्ल संचायकाचा शोध गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लावला. सौम्य गंधकाम्लात शिसे व शिशाचे ऑक्साइड यांच्या पट्ट्या बुडवलेल्या, एवढाच त्याचा संसार. संगणकाच्या आधारयंत्रात असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी घेतली तर तीत ८४ वॅट-तास साठतात. त्यांतील निम्मेच वापरायचे ठरवले तरी ४२ उरतात, आणि ३ वॅटचा पंप त्यावर चौदा तास चालतो. मोबाइलसाठी वापरतात त्या १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास असतात, त्यामुळे यूएसबीवर चालणारा दीडदोन वॅटचा पंप तिच्यावरही रात्र काढतो. मात्र काही पॉवर बँका इतका लहान प्रवाह पाहून, काही जोडलेलेच नाही असे समजून, स्वतःहून बंद होतात. विकत घेण्यापूर्वी पंप जोडून तासभर पाहावे. सुट्या कोरड्या घटांवर चालणारे पंपही मिळतात. ते स्वस्त असतात, पण त्यांतील घट वर्षभर पडून राहिले तर गळतात आणि नेमक्या रात्री दगा देतात.

बॅटरीला उष्णता सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून ती गच्चीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. पाणी घालण्याच्या प्रकारची बॅटरी भारित होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती हवेशीर जागी असावी, जवळ ज्योत नसावी, आणि तीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे.

वीज गेली की पंप आपोआप सुरू व्हावा, ही व्यवस्था शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना स्वतः करता येण्यासारखी आहे. त्यासाठी १२ व्होल्टचा एक रिले लागतो. रिलेत तारेचे वेटोळे असते, त्यातून प्रवाह गेला की ते चुंबक बनते आणि एक लोखंडी पट्टी ओढून धरते. प्रवाह थांबला की स्प्रिंग ती पट्टी मागे खेचते व ती दुसऱ्या संपर्कबिंदूला टेकते. वेटोळे भिंतीच्या खाचेत लावलेल्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला जोडावे. बॅटरी व पंप यांचे मंडल त्या दुसऱ्या बिंदूतून पुरे करावे. वीज आहे तोवर पट्टी ओढलेली राहते आणि बॅटरीचे मंडल तुटलेले असते. वीज जाताच पट्टी सुटते, मंडल जुळते, पंप सुरू होतो. ज्या घटनेपासून रक्षण करायचे तीच घटना येथे कळ दाबते, ही या योजनेतील मौज आहे. बॅटरीच्या धन टोकाशी योग्य क्षमतेचा फ्यूज अवश्य बसवावा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या तारेला विद्यार्थ्यांनी हात लावू नये. सर्व काम अडॅप्टरच्या पलीकडच्या १२ व्होल्टांवरच करावे, आणि सर्व उपकरणे पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर ठेवावी.

वक्रनलिकेचा धडा

वक्रनलिकेचा नियम प्रस्तुत लेखकाने पुस्तकात अनेकदा वाचला होता, एकदा भाषांतरितही केला होता. तो समजला मात्र दिल्लीतील एका मे महिन्याच्या रात्री. आँधी आली आणि वीज गेली. हवापंप पेटीखालच्या फळीवर ठेवलेला होता. पंप चालू असताना हवेचा दाब नळीतले पाणी मागे रेटून धरतो. तो दाब नाहीसा होताच पाणी नळीत चढले, पेटीचा काठ ओलांडून खाली उतरले, आणि एकदा उतरल्यावर थांबले नाही. सकाळी फरशीवर बादलीभर पाणी होते आणि पंपात पाणी शिरले होते. पहाटे वीज परत आली होती, पण भिजलेला पंप त्यानंतर सुरू झालाच नाही. तीन मासे गेले, आणि ते विजेच्या अभावाने नव्हे तर वीज असताना गेले.

उपाय दोन आहेत, आणि दोन्ही स्वस्त आहेत. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, म्हणजे पाणी खाली उतरण्याचा प्रश्नच उरत नाही. ते शक्य नसेल तर नळीत एकमार्गी झडप बसवावी. ती हवा पुढे जाऊ देते, पाणी मागे येऊ देत नाही. झडपेतील रबर कालांतराने कडक होते, म्हणून वर्षाकाठी तोंडाने फुंकून ती तपासावी. विजेच्या तारांनाही खाचेत शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब खाचेत न शिरता झोलावरून गळून पडेल.

उष्मा आणि थंडी

पाण्याची उष्णताधारकता फार मोठी असल्याने पेटी एकाएकी तापत किंवा निवत नाही. १०० लिटर पाणी एक अंशाने निववायचे तर त्यातून सुमारे ११६ वॅट-तास इतकी उष्णता बाहेर जावी लागते. हिवाळ्याच्या रात्री २५ अंशांचे पाणी १० अंशांच्या खोलीत ठेवले तर अशा पेटीतून आरंभी ताशी ८० वॅट-तासांच्या आसपास उष्णता निसटते, म्हणजे पाणी तासाला पाऊण अंशापेक्षा थोडे कमी उतरते. पेटीभोवती रजई गुंडाळली आणि वरचे तोंड हवेसाठी थोडेसेच मोकळे ठेवले तर हा वेग बराच मंदावतो. रात्रभराच्या खंडासाठी एवढे पुरेसे आहे. यास्तव तापक बॅटरीवर चालवू नये असे वर म्हटले.

उन्हाळ्यात प्रश्न उलट असतो. त्यावर दिल्लीकरांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे वाळ्याच्या कूलरचे तत्त्व. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते, आणि तेवढी उष्णता १०० लिटर पाण्यातून गेली तर ते पाच अंशांहून अधिक निवते. पेटीचे झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याची झुळूक सोडली की हेच घडते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा बाष्पाने भरलेली असताना तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तेव्हा बर्फ गोठवलेली बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवावी, पण एका वेळी एकच, कारण तापमान अकस्मात उतरले तर ते माशांना अपायकारक होते.

यांपैकी काहीच हाताशी नसेल तर एक तांब्या घ्यावा. पेटीतले पाणी त्यात भरून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत धार सोडावी. अशा वीसपंचवीस धारा दर पंधरावीस मिनिटांनी दिल्या तर पंपाचे काम बऱ्याच अंशी होते. खाद्य घालू नये. अन्न पचवताना माशाला प्राणवायू अधिक लागतो, आणि निरोगी मासा दोनतीन दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. घरातील वृद्ध माणसे भुकेल्या जिवाला खायला घालू पाहतात. त्यांना हे समजावून सांगणे थोडे कठीण जाते, पण सांगितले पाहिजे.

वीज परत आल्यावर

पंप सुरू झाला की धोका टळला असे पुष्कळांना वाटते. गाळणीचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नसतो. माशांच्या विसर्जनातून अमोनिया हे विष निर्माण होते. गाळणीतील स्पंज व खडे यांवर राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जंतूंनाही प्राणवायू हवा असतो. बंद डब्याच्या गाळणीत तो थोड्याच तासांत संपतो, जंतू मरू लागतात, आणि डब्यातले पाणी कुजते. अशी गाळणी तशीच सुरू केली तर ते सर्व पाणी एकदम पेटीत येते, आणि रात्र काढलेले मासे सकाळी मरतात. म्हणून चारसहा तासांहून अधिक काळ वीज नसेल तर डबा उघडून त्यातले पाणी फेकून द्यावे, आणि स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्यावा. नळाच्या पाण्यात धुऊ नये, कारण त्यातील क्लोरिन उरलेल्या जंतूंनाही मारील. पुढील आठवडाभर खाद्य कमी घालावे आणि दर दोन दिवसांनी पंचमांश पाणी बदलावे.

या बदलासाठी पाणी आधी भरून ठेवलेले असले पाहिजे. राजधानीच्या परिसरात इमारतीच्या गच्चीवरील टाकी विजेच्या पंपानेच भरते, त्यामुळे वीज गेली की काही वेळाने नळही कोरडा पडतो. एकदोन बादल्या पाणी उघडे ठेवले तर दिवसभरात त्यातला क्लोरिनही बव्हंशी उडून जातो.

आपली पेटी किती तास निभावेल हे वरील हिशेबावरून अंदाजता येईल, पण ते पाहण्याचा खात्रीचा मार्ग वेगळा आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, घरात सर्व जण असताना, सकाळी पेटीची खाच बंद करावी आणि शेजारी घड्याळ ठेवून बसावे. पाण्याचे तापमान लिहून ठेवावे. पहिला मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागला की वेळ टिपावी आणि पंप लगेच सुरू करावा. हा प्रयोग डिसेंबरमध्ये एकदा व जूनमध्ये एकदा केला म्हणजे दोन आकडे मिळतील. ते कागदावर लिहून पेटीच्या मागच्या काचेवर चिकटवावे, आणि त्याखाली बॅटरी विकत घेतल्याची तारीख लिहावी.